शून्यापासून मोज

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा शाळेतून निरोप आला तेव्हा मी आधी माझी जुनी प्रयोगवही शोधून काढली. तिच्या एका पानावर आमच्या विज्ञानाच्या सरांचा लाल शाईतला शेरा आहे : ‘खोडू नकोस. शेजारी नवीन वाचन लिही.’

प्रयोग साध्या लंबकाचा. लांबी १ मीटर, तीही गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलेली. २० दोलनांना लागणारा वेळ घ्यायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचं. माझा वेळ आला ३८.२ सेकंद आणि ‘जी’ आला १०.८२. पुस्तकात ९.८ होता. आजूबाजूला काही जण उत्तराकडून उलटे येत आकडे जुळवत होते. मीही ३८.२ खोडायला घेतलं, तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले.

ते रागावले नाहीत. “माझ्यासमोर परत मोज,” एवढंच म्हणाले. मी गोळा जरासा बाजूला घेऊन सोडला. काही दोलनं जाऊ दिली आणि तो टोकाला आल्यावर स्टॉपवॉचचं बटण दाबत मोठ्यानं म्हटलं, “एक!”

सरांनी हात वर केला. “बाळ जन्मलं त्या क्षणी ते एक वर्षाचं असतं का रे?”

मला उमगायला थोडा वेळ लागला. मी ‘वीस’ म्हणत होतो तेव्हा लंबकाची १९च दोलनं पुरी झालेली असत. ‘शून्य’ म्हणून बटण दाबलं आणि ४०.२ सेकंद आले. दोलनकाल २.०१ सेकंद, ‘जी’ ९.७७. तो ९.८ नव्हता, पण माझा स्वतःचा होता. त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो.

मग सरांनी फळ्यावर दाखवलं, की सूत्रात दोलनकालाचा वर्ग असल्यामुळे वेळेतली ५ टक्क्यांची चूक ‘जी’मध्ये जवळजवळ दुप्पट होऊन बसते. एकाच दोलनाचा वेळ का घेत नाहीत, तेही तिथेच कळलं. बटण दाबायला ०.२ सेकंद उशीर झाला, तर २ सेकंदांत ती १० टक्क्यांची चूक होते, ४० सेकंदांत अर्ध्या टक्क्याची.

गणितं सोडवतानाही त्यांचा हाच आग्रह. ताशी ७२ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एकसारखा ब्रेक लागून ४ सेकंदांत थांबते, तर तेवढ्यात किती अंतर जाईल? एका मुलानं वेगाचं एकक न बदलता सरासरी ३६ घेतली, तिला ४ नं गुणलं आणि १४४ मीटर लिहिलं. सरांनी चूक सांगितली नाही, विचारलं, “ब्रेक लावलाच नसता तर?” ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. ब्रेक न लावताही गाडी ८० मीटरच गेली असती! उत्तर ४० मीटर, हे मग त्यानंच सांगितलं. सूत्रं सगळ्यांनाच पाठ होती. आलेल्या उत्तराला प्रश्न विचारायचा असतो, हे मात्र आम्हाला सरांनी शिकवलं आणि माझ्या मते तेच खरं विज्ञान होतं.

वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच टोकाला असताना त्याचं त्वरण किती, यावर तर अख्खा वर्ग ‘शून्य’ म्हणून ओरडला होता. सर म्हणाले, “वेग शून्य. त्वरणही शून्य असतं, तर तो खाली कशाला आला असता? तिथेच राहिला असता.” आम्ही सगळे छताकडे बघत बसलो. तिथेही ९.८च, हे पटायला मला दोन दिवस लागले.

शाळेत आता नवी प्रयोगशाळा होते आहे, याचा मनापासून आनंद आहे. तिथल्या शिक्षकांना एकच विनंती. वेळ आपोआप मोजणारी उपकरणं जरूर आणा, पण लंबक एकदा तरी मुलांना हातानं मोजू द्या, आणि त्या प्रयोगाला दोन तासिका द्या. माझी जवळजवळ एक तासिका चुकीचं मोजण्यातच गेली होती.