फायनल, फायनल २ आणि ‘हीच घ्या’

आज ऑफिसात तिसरं नवं ॲप आलं. आधीची दोन कुणी बंद केलेली नाहीत, ती आपली पडून आहेत. सकाळी एकच एक्सेल शीट तीन ठिकाणी सापडली: मेलमध्ये ‘फायनल’, ग्रुपवर ‘फायनल २’ आणि ड्राइव्हवर ‘हीच घ्या’. मी अर्थातच चुकीची उचलली आणि दोन तास त्यात आकडे भरत बसलो.

मीटिंगमध्ये विचारलं, हे नवीन नेमकं कशासाठी? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी टीममधली सगळ्यात ज्युनिअर मुलगी म्हणाली, “सर, कोणतं काम कुणाकडे अडलंय एवढं दिसलं तरी पुरे.” झालं! तेवढ्यापुरताच एक बोर्ड केला. गप्पा आणि वाढदिवसाचे केक तिथे बंद.

स्लॅक हे ऑफिसात मेसेज करायचं ॲपसुद्धा ग्लिच नावाचा गेम बनवणाऱ्या टीमने आधी आपसांत बोलायला केलं होतं. गेम २०१२ मध्ये बंद पडला, स्लॅक २०१३ मध्ये बाहेर आलं. आमच्याकडे मात्र आधी लॉगिन, मग गरज शोधायची.

संध्याकाळपर्यंत बोर्डवर अकरा कार्डं लागली. त्यातली चार माझ्याकडेच अडलेली.