पहिले वीस प्रश्न हाताने

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवते. द्वितीय वर्षाच्या माझ्या वर्गातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी तासगाव, पलूस, कवठे महांकाळ आणि मिरजेच्या पूर्व भागातून रोज एसटीने येतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी द्राक्षबाग, हळद किंवा ऊस यांपैकी काही ना काही असतेच. ही मुले एआय सर्रास वापरतात. एक प्रश्न टाकतात, उत्तर घेतात, दुसरा प्रश्न टाकतात. पण दर वेळी सूचनेचे (एआयला दिलेल्या मजकुराचे, म्हणजे प्रॉम्प्टचे) शब्द थोडे बदललेले असतात, आणि शंभर वेळा विचारल्यावर किती वेळा चुकीचे उत्तर आले, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे एकच सूचना शेकडो नोंदींवर जशीच्या तशी चालवणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे काही ओळींचा संगणक प्रोग्राम, लिहायला शिकवावी, असे मी गेल्या सत्रात ठरवले. वेळ वाचतो हा तिचा लहान फायदा आहे. चुका मोजता येतात हा मोठा, आणि त्यासाठीच मी हा विषय घेतला.

कामासाठी विदा (डेटा) हवी होती, आणि ती इंटरनेटवरून उतरवलेली नको होती. प्रत्येकाने घरच्यांकडून, शेजाऱ्यांकडून, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून शेतीविषयीचे दहा खरे प्रश्न आणायचे, असे ठरले. नावे आणि मोबाईल क्रमांक नोंद करण्याआधीच गाळायचे, हा नियम पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहिला, कारण आपल्या चुलत्याने विश्वासाने विचारलेला प्रश्न त्याच्या नावासह बाहेरच्या सर्व्हरवर पाठवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तीनशेच्या आसपास प्रश्न जमले. ते पाच गटांत विभागायचे होते: रोग व कीड, पाणी, खत, हवामान, बाजारभाव.

संगणक उघडण्याआधी मी त्यांना वीस प्रश्नांची छापील पाने दिली आणि दोघादोघांच्या जोड्या करून, एकमेकांचे न बघता, प्रत्येक प्रश्नापुढे गट लिहायला सांगितले. हे काम दहा मिनिटांचे, असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात दोन तास गेले. ‘हळद पिवळी पडलीय, काय सोडावं?’ हा प्रश्न एकाने रोगात टाकला, दुसऱ्याने खतात. ‘सोडणे’ म्हणजे ठिबकमधून खत देणे, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला सांगावे लागत नाही. शहरात वाढलेल्या मुलीला मात्र त्या वाक्याचा अर्थच लागला नव्हता. शिवाय पाने पिवळी पडण्याचे कारण अन्नद्रव्याची कमतरता असू शकते, जमिनीत पाणी साचणे असू शकते आणि कंदकूजही असू शकते. दोन माणसांचेच एकमत होत नसेल तर मशीनचे उत्तर बरोबर की चूक हे कशाच्या आधारावर ठरवायचे, हा प्रश्न वर्गातूनच आला. त्यावर वाद घालून प्रत्येक गटाची व्याख्या एकेका वाक्यात लिहिली गेली, आणि ती वीस उत्तरे आमची तपासणीची वही ठरली.

स्क्रिप्ट स्वतः अगदी साधी होती. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत जेमतेम तीस ओळी: फाइलमधला एक प्रश्न वाचायचा, सूचनेच्या मजकुरात राखलेल्या जागी तो बसवायचा, एआय मॉडेलकडे पाठवायचा, आलेले उत्तर दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. सूचना स्क्रिप्टच्या पोटात न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याचा आग्रह मी धरला आणि प्रत्येक बदलाला नवा क्रमांक द्यायला लावले, म्हणजे तिसऱ्या सूचनेने काय सुधारले आणि काय बिघडवले हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

पहिली सूचना होती, ‘हा प्रश्न कोणत्या गटात बसतो ते सांगा.’ मॉडेलने विनयाने दीर्घ उत्तर दिले: ‘हा प्रश्न प्रामुख्याने रोग व कीड या गटात मोडतो, तथापि पाणी व्यवस्थापनाचाही त्यात विचार करावा लागेल.’ माणसाला हे उत्तर चालते; तक्त्याच्या रकान्याला चालत नाही. दुसऱ्या सूचनेत पाचही गटांची नावे आणि आम्ही लिहिलेल्या व्याख्या दिल्या, फक्त गटाचे नाव लिहायला सांगितले, आणि कोणत्याच गटात बसत नसेल तर ‘अनिश्चित’ लिहायची मुभा ठेवली. त्या शेवटच्या मुभेला मी सर्वांत महत्त्वाचे मानते. ती नसेल तर मॉडेल काहीतरी गट देतेच, आणि तो तक्त्यात इतर उत्तरांइतकाच खात्रीचा दिसतो.

मग तो प्रसंग आला, ज्यामुळे हे सत्र माझ्या लक्षात राहील. ‘या वर्षी निम्मे घड जिरले, आता काय करता येईल?’ हा प्रश्न मॉडेलने पाणी या गटात टाकला. एका मुलाने लगेच कारण शोधले: पाणी जमिनीत जिरते, म्हणून ‘जिरले’ हा शब्द पाहून गट ठरला असावा. ते खरे असेल किंवा नसेल. आपल्याला तो फक्त अंदाज बांधता येतो, आणि हेही मी वर्गाला सांगितले. सगळ्यांनी मिळून तो प्रश्न रोग व कीड या गटात हलवायचे ठरवले, तेव्हा तासगावकडची एक मुलगी उभी राहिली. ‘मॅडम, घड जिरणं हा रोगच न्हवं,’ ती म्हणाली. ऑक्टोबर छाटणीनंतर घडाची नीट वाढ होत नाही, तो गोळी होतो (वाढ न होता आखडतो) किंवा त्याची बाळी (वेलीचा तंतू) होते, आणि त्याची मुळे एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार होण्याच्या काळात असतात, त्या काळातले ढगाळ हवामानही त्याला कारण ठरते, हे तिने खडू घेऊन फळ्यावर काडी काढून समजावले. म्हणजे मॉडेल चुकले होते, आणि आमचे पाच गटही चुकले होते. ‘छाटणी व वाढ’ हा सहावा गट त्या दिवशी जन्माला आला, वीस उत्तरांची वही पुन्हा तपासली गेली, आणि हळदीच्या पिवळ्या पानांचा प्रश्न दोन्ही जोडीदारांच्या संमतीने ‘अनिश्चित’मध्ये गेला.

चॅटच्या खिडकीत हे घडले असते का? तो एक प्रश्न विचारला असता, एक उत्तर मिळाले असते आणि बहुधा कोणी थांबले नसते. तीनशे ओळींच्या तक्त्यात पाणी या गटाखाली ठिबक, बोअर, कॅनॉल यांच्या मधोमध ते वाक्य खड्यासारखे टोचले.

देवनागरीने स्वतंत्र धडे दिले, आणि ते इंग्रजी उदाहरणांवर शिकवणाऱ्या कोणत्याही धड्यात सहसा येत नाहीत. एक्सेलमधून यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची एक पद्धत) प्रकारात जतन केलेली सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता, वाचताना ‘प्रश्न’ नावाचा स्तंभच सापडत नाही, अशी त्रुटी अर्ध्या वर्गाला आली, जरी स्तंभ डोळ्यांसमोर होता. फाइलच्या आरंभी बीओएम नावाचे एक न दिसणारे चिन्ह असते आणि ते पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते. दुसरा धडा अधिक सूक्ष्म होता. ‘पांढऱ्या माशीसाठी कोणती फवारणी घ्यावी?’ हा प्रश्न दोघांनी आणला होता, पण एकसारख्या नोंदी गाळल्यानंतरही तो दोनदा उरला. पडद्यावर दोन्ही वाक्ये तंतोतंत सारखी होती. एकाच्या कीबोर्डने ‘ऱ्या’ लिहिताना स्वतंत्र ‘ऱ’ वापरला होता, दुसऱ्याच्या कीबोर्डने साध्या ‘र’ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावले होते. युनिकोडचे (जगभरच्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे) प्रमाणीकरण करणारे तयार फंक्शनही या दोन रूपांना एक करत नाही. ती बदली स्वतः लिहावी लागते. याउलट पायथन ‘४५’ हे देवनागरी अंक सरळ पूर्णांक म्हणून वाचते, हे कळल्यावर वर्गाला झालेला आनंद मला फार आवडला.

खर्चाचा विषय मी लवकर काढला. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि बहुतेक मॉडेलांमध्ये मराठी मजकूर त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त टोकन खातो; टोकन म्हणजे मॉडेल मजकुराचे जे तुकडे करते आणि ज्यांच्या संख्येवर पैसे लागतात ते. लांबलचक सूचना तीनशे वेळा पाठवली की तिचे पैसेही तीनशे वेळा लागतात. म्हणून आधी वहीतल्या वीस ओळींवर चालवायचे, वहीशी ताडून पाहायचे, आणि मगच पूर्ण फाइल. फार वेगाने विनंत्या पाठवल्या की सर्व्हर ४२९ हा क्रमांक परत पाठवतो. तेव्हा थांबून, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत, पुन्हा प्रयत्न करणाऱ्या चार ओळी सगळ्यांनी लिहिल्या. एकदा दुपारी वीज गेली आणि ज्यांनी सर्व उत्तरे शेवटी एकदम जतन करायची ठेवली होती त्यांची सारी मेहनत वाया गेली. त्यानंतर प्रत्येक उत्तर आले की लगेच फाइलमध्ये उतरवण्याविषयी मला पुन्हा बोलावे लागले नाही. प्रयोगशाळेची एपीआय की (मॉडेलची सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) एका मुलाने चुकून सार्वजनिक रेपॉझिटरीत, म्हणजे कोणालाही पाहता येणाऱ्या कोडच्या साठ्यात, टाकली, तेव्हा ती त्याच तासाला रद्द करून नवी घेतली आणि की स्क्रिप्टमध्ये न लिहिता संगणकाच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) कशी ठेवायची हे शिकवले. आधी शिकवायला हवे होते. ती चूक माझी होती.

अशी स्क्रिप्ट एआय स्वतःच अर्ध्या मिनिटात लिहून देते, मग मुलांचा वेळ कशाला घ्यायचा, असे एका सहकाऱ्याने मला विचारले. लिहून देते, हे खरे आहे, आणि सत्राच्या उत्तरार्धात मी मुलांना तशी घ्यायलाही दिली. पण घड जिरणे म्हणजे काय हे त्या तीस ओळींत नव्हते. ते फळ्यावर काढलेल्या काडीत होते, आणि तिथे पोहोचण्यासाठी आधी कोणीतरी वीस प्रश्न हाताने वाचलेले असावे लागतात.

अंतिम तक्ता छापून मुलांनी घरी नेला. तासगावच्या त्या मुलीच्या वडिलांनी तो संध्याकाळी ओसरीवर बसून पूर्ण वाचला आणि लाल पेनाने चार ओळींवर खुणा केल्या. त्यांपैकी एक बेदाण्याच्या सौद्याविषयी होती, जी मॉडेलने हवामानात टाकली होती, कारण प्रश्नाच्या सुरुवातीला पावसाचा उल्लेख होता. आमच्या तपासणीच्या वहीत आता चोवीस प्रश्न आहेत, आणि जूनमध्ये येणारा नवा वर्ग पाचव्या क्रमांकाची सूचना त्या चोवीसांवर चालवून सुरुवात करील.