एल्कसाठी काडतूस निवडताना

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषय वाड्यातल्या जुन्या फोटोंपुरता उरला, त्यामुळे कोलोराडोत मी रायफल घेतल्याचे कळताच पुण्याहून आलेले फोन काळजीचेच होते. इथे मात्र परवाना काढून केलेली एल्कची शिकार हा राज्याच्या वन्यजीव व्यवस्थापनाचा भाग आहे. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा ठरतो. ‘कोणते काडतूस घेतलेस?’ हा इथला नेहमीचा प्रश्न मला सुरुवातीला शौकीनपणाचा वाटे. तो तसा नाही, हे कळायला एक हंगाम जावा लागला.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो आणि बऱ्याचदा दिसतो तो दरीपलीकडच्या उतारावर. एल्क आणि त्याहूनही मोठ्या मूस हरणासाठी कोलोराडोचा नियम किमान ६ मिलिमीटर व्यासाची, ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम) वजनाची, आत शिरल्यावर पसरणारी गोळी मागतो. पण हा झाला कायद्याचा उंबरठा. शिकारी मंडळी लागतेवेळी गोळीत सुमारे १,५०० फूट-पाउंड (साधारण दोन हजार ज्यूल) ऊर्जा उरलेली असावी, असा ठोकताळा धरतात. त्या हिशेबाने ६.५ क्रीडमूर हे लोकप्रिय काडतूस ४०० यार्डांच्या आसपास, म्हणजे साधारण ३६५ मीटरवर, दमते. १९०६ पासून चालत आलेले .३०-०६ थोडे पुढे जाते. आणि २०२२ मध्ये आलेले ७ एमएम पीआरसी ५०० यार्डांवरही दोन हजारांच्या वर असते.

हे तक्ते वाचून मी .३०० विंचेस्टर मॅग्नम घेतले. चांदमारीवर पहिल्या दिवशी खांदा काळानिळा झाला, याचे मला विशेष वाटले नाही. तिसऱ्या खेपेला मात्र माझ्या शेजाऱ्यांनी, जे चाळीस वर्षे एल्कमागे हिंडले आहेत, मला न सांगता मधूनच रायफलीत बिनदारूचे नकली काडतूस भरून दिले. मी चाप ओढला, नुसता ‘टक्’ आवाज झाला आणि न झालेल्या बाराच्या भीतीने नळीचे टोक चांगले दोन बोटे खाली गेलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते काही बोलले नाहीत, आणि बोलण्यासारखे काही उरलेही नव्हते.

शेवटी मी ६.५ पीआरसीवर आलो. सारख्याच वजनाच्या रायफलीत .३०० चा धक्का याच्या दीडपटीहून अधिक भरतो, तरीही याची १४३ ग्रेनची लांबट गोळी ५०० यार्डांपर्यंत १,५०० च्या वर राहते. हे सर्वांत ताकदवान काडतूस नाही, आणि आमच्या गटातले दोघे त्याला अजूनही ‘हरणाची गोळी’ म्हणतात. पण चाप ओढताना माझे डोळे उघडे राहतात, आणि माझ्या लेखी तेवढ्यावर वाद मिटतो.

वाऱ्याचा प्रश्न मात्र कोणतेही काडतूस पूर्णपणे सोडवत नाही. गोळी किती खाली येणार याचे गणित घरी मांडता येते, परंतु ताशी दहा मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर याच गोळीला फूटभर बाजूला नेतो, आणि फूटभर म्हणजे काळजाऐवजी पोट. दरीत तर आपल्यापाशी एक वारा असतो, मधल्या घळीत दुसरा आणि पलीकडच्या गवतात तिसरा. शिवाय तेवढे अंतर कापायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि चरणाऱ्या जनावराला एक पाऊल पुढे टाकायला तेवढा पुरतो.

रायफल २०० यार्डांवर नेमाला लावून मी पुढच्या अंतरांचे आकडे कागदी पट्टीवर लिहिले आणि ती दस्त्यावर चिकटवली. ४०० यार्डांसमोर दीड फुटाची घट लिहिली आहे. त्याखाली पट्टीत बरीच जागा होती. ती मी कात्रीने कापून टाकली.