तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन घाटात कशाला न्यायचं?

बेळगावात कारखान्यांच्या उद्यमबागेत चहाला थांबलो काय, लग्नात पंगतीला बसलो काय, इंजिन टेस्टिंगमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला एक प्रश्न ठरलेलाच: "काका, टेस्ट बेडवर इंजिन हवं तेवढं पळवता येतंय की. मग ते भारीतल्या गाडीत घालून चोर्ला घाटात कशाला नेता?"

आधी भारीतल्या गाडीचं सांगतो. टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन गाडीबाहेर पक्कं बसवून चालवतात तिथं, ताकद, टॉर्क (फिरवण्याचा जोर), इंधनाचा खप, धूर सगळं मोजून मिळतं, पण तिथं मागच्या सीटवर कुणी बसलेलं नसतं. साध्या गाडीत टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात इंजिनाची बारीक कुरकुर झाकून जाते. आलिशान गाडीत ती लगेच कानाला लागते. गाडी मात्र जुनी, ओळखीची हवी. तिचे सगळे आवाज पाठ असले की नवा आवाज इंजिनाचाच, हे कळतं. जॅग्वारनं आपलं व्ही-१२, म्हणजे बारा सिलिंडरचं, इंजिन १९६० च्या दशकात मार्क टेन या मोठ्या सलून गाडीत बसवून रस्त्यावर पळवलं आणि १९७१ मध्ये ५.३ लिटरचं करून ई-टाइप या स्पोर्ट्स गाडीत आणलं. रेसिंगसाठी आखलेले चार कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारे दांडे) तोवर दोनवर आले होते. कमी आणि मधल्या वेगाला त्या दोन कॅमशाफ्टच्या साध्या हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) ओढा जास्त होता, आणि असल्या गाडीचा मालक गाडी चालवतो ती बहुतेक त्याच वेगात. मला तो निर्णय फार मोठा वाटतो.

आता घाट. जांबोटी, कणकुंबी मागं टाकून गोव्याकडं उतरायला लागलं की वळणावळणाला संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, ऑइल एका अंगाला सरकतं. ऑइल पंपाच्या तोंडाशी क्षणभर जरी हवा गेली तरी प्रेशरचा काटा थरथरतो आणि बेअरिंगला धोका होतो. उतारावर पाय काढून नुसत्या गिअरवर पेट्रोल गाडी आणली की मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून, ऑइल आत ओढतो. खाली सपाटीला परत रेस दिली की मागं निळा धूर दिसतो, आणि गाइडचं सील कमी पडतंय हे तिथंच कळतं. पावसाळ्यात कणकुंबीचा पाऊस हवेच्या फिल्टरपासून वायरिंगच्या जोडापर्यंत सगळीकडं वाट शोधतो. ती परीक्षा वेगळीच.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो परत वर चढून आल्यावर. भर उन्हात चढ संपला की आम्ही इंजिन बंद करतो. त्याच्या पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंपही थांबतो, हेडमधली उष्णता जागच्या जागी साचते आणि तापमान उलट आणखी चढतं. थोडा वेळ थांबून गाडी पुन्हा चालू करायची, पहिल्या सेल्फला उठली पाहिजे. तोवर येणारे-जाणारे काळजीनं थांबतात. "बॉनेट उघडा की ओ, थंड होऊ दे जरा." ते आम्ही मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. उद्या गाडीचा मालक हॉटेलसमोर थांबला, तर तो काय बॉनेट उघडून ठेवणार आहे?