आजीच्या डब्यातला घोडा

मालवणच्या घरी आजीचा पानसुपारीचा डबा उपसताना तळाशी एक काळी चकती सापडली. आमसुलाने चोळली, राखेने घासली, तेव्हा घोडा वर आला. १९५१ सालचा एक पैसा. (जुनी नाणी अशी घासायची नसतात, संग्राहक जीव घेतील. ही अक्कल मला नंतर आली.)

स्वातंत्र्य १९४७ला आलं खरं, पण मासळीबाजारात पुढची तीन वर्षं मुठीत सहावा जॉर्जच. आपली नाणी आली १५ ऑगस्ट १९५०ला. राजाच्या जागी सारनाथचे सिंह, रुपयावरच्या वाघाच्या जागी धान्याची कणसं. पैशावरचा घोडा आणि चवलीवरचा, म्हणजे दोन आण्यांच्या नाण्यावरचा, बैल त्या सिंहांच्याच पायाखालच्या पट्टीवरून उतरलेले. नोटेवर आधी गांधीजी घ्यायचे होते, तशी चित्रंही काढून झाली होती. मग मत सिंहांकडे झुकलं. १९५३ला नोटांवर हिंदी ठळक झाली तेव्हा ‘रुपया’चं अनेकवचन काय, यावरही खल झाला. देश उभा करायच्या घाईत व्याकरणावर भांडणारी ही माणसं मला फार आवडतात.

आणि रायगड तरी कुठे लांब आहे? आजूबाजूला फारसी अक्षरांची नाणी चालत असताना शिवरायांच्या तांब्याच्या नाण्यावर, शिवराईवर, देवनागरीत ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’.

ठसा कोरला की टांकसाळीत आधी चाचणीची थोडी नाणी पाडतात. उठाव नीट येतो का, कड कशी दिसते, ते बघायला. पण खरी चाचणी आमच्या अंधाऱ्या माजघरात व्हायची. आई सांगते, आजी बटव्यात न बघता हिशेब करायची. मोठी चौकोनी ती चवली, धाकटा चौकोनी अर्धा आणा, आणि कातण्याने कापलेल्या करंजीसारखी कड लागली की आणा. चित्रं बदलली तरी हे आकार सरकारने जुनेच ठेवले होते, त्यामुळे राजा गेल्याचं तिच्या बोटांना कळलंच नाही.

कळलं ते १ एप्रिल १९५७ला, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, नये पैसे आले तेव्हा. आणा सव्वासहा नव्या पैशांचा, पण सुटा आणा मोडला की हातावर सहाच पडायचे. आजी दुकानाची पायरी सोडायची नाही.

“माजो पाव पैसो खंय गेलो?”