माझ्या भाच्याची वही

माझा भाचा जाऊन येत्या श्रावणात एक वर्ष होईल. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण माझ्या बहिणीला ते नको आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या भजनी मंडळींना ते सांगावे लागणार नाही आणि इतरांना तो नावावाचूनही कळेल. तो २७ वर्षांचा होता. तेराव्याला जो तो भेटे तो एकच वाक्य बोले, "चांगली माणसे देवाला लवकर आवडतात." बोलणाऱ्यांच्या मनात मायाच होती, हे मी जाणतो. तरीही ते वाक्य मला त्या दिवसापासून बोचत राहिले आहे, कारण देवावर इतका जीव असलेला हा मुलगा जगण्यासाठी रोज किती नेटाने झटत होता, हे मी आठ वर्षे अगदी जवळून पाहिले होते.

तो अकरा वर्षांचा असताना त्याचा घसा धरला, ताप आला आणि हळदीच्या दुधावर व काढ्यावर तो बराही झाला. पुढे दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरतो न उतरतो तोच घोटा आणि मग मनगट. "वाढत्या वयात हातपाय दुखायचेच," असे बहिणीला सांगणारा मीच होतो. घरातला शिकलेला माणूस म्हणून माझ्या शब्दाला किंमत होती आणि त्यामुळेच तिने आपली शंका गिळून टाकली. तो संधिवाताचा ताप होता, हे आम्हाला कळले सहा वर्षांनी, देवळाच्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागू लागली तेव्हा. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पुन्हा पूर्ववत होतात, झडपा होत नाहीत. 'हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो' असे वैद्यकात म्हणतात, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. घसा धरला तेव्हाच पेनिसिलिन मिळाले असते तर पुढचे बहुधा टळले असते. एकदा धीर करून मी हे सारे त्याच्यापाशी बोललो. आमच्या घरात बोलणे कोंकणी आणि अभंग मराठी, तो कोंकणीत एवढेच म्हणाला, "मामा, तें सोड. पेटी काड." मी पेटी काढली आणि त्याने पखवाज पुढे ओढला. त्याने मला क्षमा केली असे मी म्हणणार नाही, कारण त्याने मला कधी दोषीच धरले नव्हते.

एकोणिसाव्या वर्षी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया होऊन त्याच्या हृदयात धातूची झडप बसली. अशी झडप मिटताना बारीक आवाज करते. भजनात गजर टिपेला जाऊन थांबला की भैरवी सुरू होण्यापूर्वी सभामंडपात क्षणभर पूर्ण शांतता पसरते, समईची वात तडतडली तरी ऐकू येते, आणि त्या शांततेत त्याच्या शेजारी बसलेल्या मला त्याच्या छातीतली टिकटिक स्पष्ट ऐकू येत असे. आरंभी मला तिची भीती वाटे. पुढे पुढे ती ऐकू आल्याशिवाय माझी बोटे पेटीच्या पट्ट्यांवर पडेनाशी झाली.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफेरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी होते आणि जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून ठरावीक दिवसांनी आयएनआर ही रक्ताची तपासणी करून मात्रा बदलावी लागते. त्याला २.५ ते ३.५ अशी मर्यादा आखून दिलेली होती. शाळकरी पोरे वापरतात तसल्या शंभर पानी वहीत तो डाव्या पानावर तारीख, आकडा आणि गोळीची मात्रा लिही, आणि उजव्या पानावर त्या महिन्याच्या एकादश्या, देवळातल्या पालखीचे दिवस आणि कोणाकडे भजन आहे ते. पालेभाज्यांमुळे या गोळीचा परिणाम कमी होतो. पावसाळ्यात आमच्याकडे घरोघरी टायकिळ्याची भाजी होते, त्याला ती फार आवडे, आणि तरीही तो वाटीने मोजून, ठरलेली तेवढीच खाई. एकादशीला तो पाण्याबरोबर गोळी घेतो म्हणून एका वयस्क गृहस्थांनी त्याला देवळात चारचौघांत बोल लावला. त्याने त्यांना वाकून नमस्कार केला आणि गोळी घेणे सोडले नाही. माझ्या लेखी त्याची भक्ती तिथे दिसली. देह देवाने सांभाळायला दिला आहे असे तो मानी, आणि सांभाळायचा तर वेळच्या वेळी, आळस न करता, ही त्याची रीत होती.

त्याच्या भूतदयेची एक आठवण चवथीची आहे. आमच्याकडे गणपतीसमोर आरत्या घुमट, म्हणजे तोंडाला कातडे ताणलेले मातीचे वाद्य, आणि शामेळ हे चर्मवाद्य यांच्या साथीने होतात. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले, पण जुनी घुमटे बऱ्याच घरांतून राहिली. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, तेव्हा बकरीच्या कातड्याची घुमटे सर्वत्र रुळली होती. याने मात्र शाळेत असल्यापासूनच घोरपडीच्या घुमटाला हात लावला नव्हता. बकरीचे कातडे पावसाळी हवेत सैल पडते आणि नाद बसतो. म्हणून आरतीच्या अर्धा तास आधी तो चुलीपाशी उकिडवा बसून मातीचे ते भांडे मांडीवर हळूहळू फिरवीत शेकत असे, मधून मधून बोटाने टिचकी मारून कान लावी, आणि मनासारखा नाद आला की पहिल्यांदा ते वाड्यावरच्या एखाद्या लहान मुलाच्या हाती देई.

गेल्या श्रावणात आम्ही वास्कोला श्री दामोदराच्या भजनी सप्ताहाला गेलो होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीत लोकांनी दामोदराला साकडे घातले, तेव्हापासून तिथे अखंड २४ तास भजन चालते. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी श्रीफळ ठेवून आरंभ होतो, पथकामागून पथक येऊन भजनाची साखळी तुटू देत नाही, आणि रात्री निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मिरवणुका, वाजत गाजत देवळाकडे येतात. पहाटे आमच्यानंतरच्या पथकातला पखवाज वाजवणारा मुलगा तापाने फणफणला होता. हा उठला नाही. आमचे पथक खाली उतरले आणि तो अनोळखी पथकाबरोबर आणखी तासभर साथ करीत बसला. परतताना गाडीत माझ्या खांद्यावर डोके टेकून तो झोपला होता.

त्यानंतर नवव्या दिवशी पहाटे त्याचे डोके दुखू लागले. दोन तासांत शुद्ध हरपली, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वहीतला शेवटचा आकडा २.९ आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. सारे काही नेमाने केले तरी या औषधात हा धोका उरतोच. त्याच्याकडून एकही चूक झाली नव्हती. "देवाला आवडला" या शब्दांनी हे सगळे पुसून जाते, म्हणून मी ते मान्य करीत नाही. त्याला इथे राहायचे होते. उजव्या पानावर कार्तिकीपर्यंतच्या एकादश्या त्याने आधीच लिहून ठेवल्या होत्या.

त्याच पानावर आणखी एक ओळ होती, जिचा अर्थ मला लगेच लागला नाही: दर २१ दिवसांनी एक तारीख, आणि पुढे नुसते 'पोर'. चौकशीअंती कळले की वाड्यावरच्या एका दहा वर्षांच्या मुलाला तोच ताप येऊन गेला आहे. तो पुन्हा उलटून झडपा खराब होऊ नयेत म्हणून त्याला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि मजुरी बुडते म्हणून आईवडिलांना नेणे जमत नाही. दोन वर्षे माझा भाचा त्याला स्कूटरवर बसवून आरोग्य केंद्रात नेत होता आणि घरी कोणाला बोलला नव्हता. वहीतली पुढची तारीख चार दिवसांवर होती. तेव्हापासून त्या मुलाला मी नेतो.

हे औषध दाट असते, कमरेच्या स्नायूत सावकाश द्यावे लागते आणि फार दुखते. पहिल्या वेळी मी त्याचा हात धरला आणि काय बोलावे ते मला सुचेना. सुई टोचताच त्या मुलाने डोळे मिटले आणि माझ्या तळहातावर बोटाने आठ मात्रांचा भजनी ठेका धरला. कोणी शिकवले, हे मी विचारले नाही. पहिले आवर्तन पुरे झाले. दुसऱ्याच्या पाचव्या मात्रेला सुई बाहेर आली, पण त्याने आठही मात्रा पुऱ्या केल्या आणि मगच हात सोडला.