रॉकेल भरं का रे?

'श्रद्धा कशी जपली यावर दोन पानं लिहा,' असं आमच्या बोर्डिंग शाळेच्या आताच्या मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी खंडव्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे इंजिनवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, वरण-भात जेवत होतो. म्हटलं, सर, जपली कुठं? मधली सात-आठ वर्षं विझलीच होती. ते म्हणाले, मग तेच लिहा. आता शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत असलं काही शोभेल की नाही, ते संपादक मंडळानं बघावं.

मी १९८४च्या दहावीचा. दाखल्यावर जिल्हा धुळे आहे. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ला, तोवर मी भुसावळला इंजिनावर चढलो होतो. गाव नवापूर तालुक्यातलं. घरात मावची, वर्गात मराठी आणि बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात अहिराणी, कारण स्वयंपाकाच्या मावशी साक्रीकडच्या. दिवाळी झाली की आई-बाबा कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जायचे आणि आम्ही भावंडं बोर्डिंगच्या हवाली. पहाटे साडेपाचला रुळाचा टांगलेला तुकडा ठणठण वाजला की प्रार्थना. पुढं आयुष्यभर रुळावरच पोट भरायचं आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

माझ्याकडे कंदिलांची पाळी होती. नऊ कंदील. वीज होती म्हणायला, पण संध्याकाळी तिचा नेम नसायचा. चार वाजता शाळा सुटली की कोठाराच्या ओट्यावर बसायचं. काच उतरवायची, आत तोंडानं वाफ सोडायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची. माझा हात बारीक, तरी मनगट अडायचं, म्हणून काडीला फडकं गुंडाळायचं. वात कात्रीनं अगदी सरळ कापायची. तिरपी राहिली तर ज्योतीचं एक टोक जिभेसारखं वर चढतं आणि घटकाभरात काच काळी. मग नरसाळं लावून रॉकेल. मावशी भाकरी थापता थापता आतूनच ओरडायच्या, "रॉकेल भरं का रे?" रोज. मी रोज वैतागायचो.

एकदा आठवीत असताना कबड्डीच्या नादात भरलंच नाही. मावशींना बाहेरूनच 'हो' म्हणून सांगितलं. कंदील हलवून पाहिले, तळाशी खळखळ वाजलं, म्हटलं चालेल. त्या रात्री उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद चालू होतं, तेवढ्यात समोरचा कंदील फडफडला आणि गेला. मग बाजूचा. बोर्डिंगचे सर काही बोलले नाहीत. अंधारातच पद पुरं केलं, प्रार्थना केली आणि सगळ्यांना झोपायला पाठवलं. मी मात्र रात्रभर टक्क जागा.

दुसऱ्या दिवशी बायबलच्या तासाला सरांनी मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढला. येशूची बोधकथा: दहा कुमारी दिवे घेऊन रात्री वराची वाट बघतात, पाच मूर्ख, जादा तेल न घेतलेल्या, आणि पाच शहाण्या, तेल घेतलेल्या. माझे कान तापले. पण सर माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांनी विचारलं, "वराला उशीर झाला, तेव्हा झोपल्या किती?" सगळा वर्ग म्हणाला, "पाच." "नीट वाचा." वाचलं. दहाही झोपल्या होत्या. शहाण्यासुद्धा. सर म्हणाले, "झोप सगळ्यांनाच येते रे पोरांनो. तेल दिवसाउजेडीच भरायला लागतं. मध्यरात्री दुकानं बंद असतात." पुढच्या बाकावरचा एक जण खुदकन हसला आणि सर पुढच्या वचनाकडे गेले.

१९९०मध्ये रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागलो, पुढं मालगाडीचा ड्रायव्हर. आता लोको पायलट म्हणतात, काम तेच. इंजिनात एक यंत्र असतं, व्हीसीडी. साधारण मिनिटभर तुम्ही कशालाच हात लावला नाही, तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरी दाद दिली नाही तर ब्रेक आपोआप लागतो. ड्रायव्हर जागा आहे ना, एवढंच ते तपासतं. पण पहाटे तीन-चारच्या सुमाराला माणसाचं शरीर काय करतं, ते इंजिनावरच्यांना विचारा. बटण दाबायची हाताला इतकी सवय होते की डोकं पेंगत असलं तरी हात दाबतोच. यंत्राचं समाधान होतं. सिग्नल कोणता गेला, ते मात्र सांगता येत नाही.

माझी प्रार्थना तशी झाली. २००३ला आई गेली. मी ड्युटीवर, निरोप उशिरा मिळाला आणि गावी पोचलो तेव्हा माती झाली होती. देवाला शिव्या दिल्या नाहीत, चर्चही सोडलं नाही. रविवार मिळाला की जायचो, प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणायचो, जेवणाआधी डोळे मिटायचो. बटण दाबत होतो, झालं. ३१ डिसेंबरच्या वॉचनाइटला, म्हणजे वर्ष सरतानाच्या रात्रीच्या उपासनेला, तर हमखास हजर. त्या रात्री जागणं सोपं असतं, चहा असतो, केक असतो, पोरांची नाटकं असतात. लाइन बॉक्समधलं, म्हणजे ड्युटीवर न्यायच्या पेटीतलं, बायबल टॉर्च आणि डब्याच्या खाली गेलं. एकदा बाहेर काढलं तर त्यावर लोणच्याच्या तेलाचा डाग. तेल तेवढंच.

बायको हे सगळं बघत होती. तिनं उपदेश केला नाही. तसा केला असता तर मी चिडलोच असतो. एका रात्री ती लूकचं शुभवर्तमान मोठ्यानं वाचत होती आणि मी बूट काढत होतो. गेथशेमाने बागेचा प्रसंग, अटकेच्या रात्री येशू तिथं प्रार्थना करतो तो. शिष्य झोपले, हे मला पाठ होतं. मत्तय आणि मार्क म्हणतात त्यांचे डोळे जड झाले होते. लूक, जो पेशानं वैद्य होता, तो मात्र कारण वेगळं देतो: ते दुःखानं झोपी गेले होते. मी एक बूट हातात घेऊन तसाच बसलो. आळसानं नाही, दुःखानं. तोवर मला वाटायचं, श्रद्धा निजते ती पापानं नाहीतर पैशानं. दुःखानंही निजते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग आईसाठी रडलो. पाच वर्षं उशिरानं.

त्यानंतर एकदम उजेड पडला असं काही नाही. इंजिनावर दोघं असतो. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं तेच मोठ्यानं परत म्हणायचं. आम्ही दोघं नवरा-बायको आता तसंच करतो. ती एक वचन वाचते, मी तेच परत म्हणतो, मग त्यातलं आज काय दिसलं ते सांगायचं. ड्युटीवर असलो तर साइन ऑन करायच्या, म्हणजे हजेरी लावायच्या, आधी ड्रायव्हरांच्या हजेरी-कचेरीबाहेरून फोनवर. कधी दोनच मिनिटं. कधी भांडण झालेलं असतं, तरी. प्रभूनंही बागेत 'माझ्याबरोबर जागे राहा' असंच म्हटलं होतं. एकट्यानं जागा असं तोही म्हणाला नाही.

हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ना कुणी शेवटच्या दिवसाची तारीख काढून पाठवतं. त्या दहा कुमारींच्या बोधकथेच्या शेवटी लिहिलंय की तो दिवस आणि ती घटका तुम्हाला ठाऊक नाही. मी उत्तर देत नाही, पुढं पाठवत नाही.

मावशींना मी शेवटचं भेटलो तेव्हा त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. नाव सांगितलं, ओळखलं नाही. "कंदीलवाला," म्हटल्यावर हात चाचपत माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "रॉकेल भरं का रे?" मी पुन्हा 'हो' म्हणालो. या वेळी थोडंफार खरं होतं.

तेव्हा संचालक मंडळाला एक विनंती. कोठाराच्या माळ्यावर ते नऊ कंदील अजून पडलेले असतील, तर भंगारात देऊ नका. एक मला हवा आहे. काच नसली तरी चालेल, मी भुसावळहून घेऊन येईन.

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९८४